विचारून सांगतो

रविवारी सकाळी आमच्या घराच्या कट्ट्यावर जो कुणी येऊन बसतो, त्याच्या हातात बहुधा प्लॅस्टिकची एक पिशवी असते. तिचा रंग उडालेला असतो, कानांची गाठ घट्ट मारलेली असते, आणि ती सोडण्याआधी आलेला माणूस एकदा रस्त्याकडे आणि एकदा माझ्याकडे पाहून घेतो. मग एकेक कागद बाहेर येऊ लागतो. शिधापत्रिका, आधार कार्डाची झेरॉक्स, मुलाचा शाळेचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, दवाखान्याची फाईल, आणि सर्वांच्या तळाशी चार घड्या घातलेले विजेचे बिल. ‘हे बिल कशाला?’ असे मी पूर्वी विचारीत असे. ‘असू द्या मास्तर, कुठं काय लागंल सांगता येत न्हाई,’ हे उत्तर इतक्या जणांनी दिले, की आता मी विचारीत नाही. मी चष्मा पुसतो, आतून चहाचे आधण ठेवल्याचा आवाज येतो, आणि आमचा रविवार सुरू होतो.

गंमत अशी, की मी कुणाच्या प्रश्नांची उत्तरे द्यावीत असा माझा काडीचाही अधिकार नाही. आमचे गाव सांगली जिल्ह्यातले, तालुक्याचे. तिथल्या हायस्कुलात मी चित्रकला शिकवितो. वडिलांच्या भाषेत सांगायचे तर मी मॅट्रिक. त्यावर चित्रकला-शिक्षकाची पदविका घेतली, तेवढीच काय ती विद्या. एलिमेंटरीच्या परीक्षेला कोणता ब्रश घ्यावा, किंवा इंटरमिजिएटला संकल्पचित्र कसे काढावे, हे मला विचाराल तर मी तासभर बोलेन. पण ते कट्ट्यावर येऊन आजवर कुणीही विचारलेले नाही. मी तीन कादंबऱ्या लिहिल्या आहेत, हे मात्र गावाला ठाऊक आहे. त्या गावात चारदोघांनीच वाचल्या असतील. पण जो माणूस एवढी पाने लिहितो, त्याला सरकारी कागद वाचता आलाच पाहिजे, असा गावाचा सरळ हिशेब आहे. बिचाऱ्यांना काय ठाऊक, की शासन निर्णयातले एकेक वाक्य माझ्या प्रकरणाहून लांब असते आणि त्यात शेवटपर्यंत कर्ता सापडत नाही!

चित्रकलेचा एक उपयोग मात्र झाला. प्रश्न बहुतेक रंगांचेच असतात. ‘मास्तर, केशरीला किती लाख?’ ‘पिवळ्याचं केशरी झालं, आता पोराच्या फीचं काय?’ ‘पांढऱ्यावाल्यानं मरायचं का?’ शिधापत्रिकांचे हे रंग वाचकांना ठाऊक आहेतच. पण सरकारचे रंगशास्त्र आमच्याहून निराळे आहे. आमच्या वर्गात पिवळ्यात तांबडा मिसळला की केशरी होतो. तिकडे पिवळ्यात चार पैसे मिसळले की केशरी होतो, आणि आणखी मिसळत गेले की पांढरा! हे मी एकदा आठवीच्या वर्गात सांगितले. मुले हसली. मागच्या बाकावरची एक मुलगी तेवढी हसली नाही. तिच्या घरचे कार्ड त्याच आठवड्यात पिवळ्याचे केशरी झाले होते, हे मला मागून कळले. मी पुन्हा तो विनोद केला नाही.

कधीकधी प्रश्न रंगाचा नसून तारखेचा असतो. लेक लाडकी या योजनेत पिवळ्या किंवा केशरी कार्डाच्या घरातल्या मुलीला जन्मानंतर ५,०००, पहिलीत ६,०००, सहावीत ७,०००, अकरावीत ८,००० आणि अठरा वर्षे पुरी झाल्यावर ७५,००० असे एकूण १,०१,००० रुपये द्यायचे ठरले. मात्र मुलगी १ एप्रिल २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेली असली पाहिजे. एक आजोबा नातीचा दाखला घेऊन आले. नात ३० मार्चची. त्यांनी दाखला माझ्यापुढे सरकवला आणि हळूच म्हणाले, “तुमचा हात चित्राचा हाय मास्तर. जरा हितं बोट फिरवा की.” मी म्हटले, “आजोबा, मार्चचा एप्रिल करायला माझा हात तेवढा चित्राचा नाही. आणि हल्ली दाखला कागदावर नसतो, संगणकात असतो.” आजोबा हसून म्हणाले, “मग पोरीनंच दोन दिस दम धराया पायजे हुता.” बोलले हसून, पण पिशवीची गाठ मारायला त्यांना बराच वेळ लागला.

असल्या उत्तरांनी मी थोडा हिरमुसलो असतो. पण मध्येच एखादे उत्तर असे लागू पडे, की माझी छाती दोन बोटे फुगे. ऊसतोडीच्या हंगामात आमच्याकडे बीडकडून आणि आमच्याच जिल्ह्यातल्या जत भागातून टोळ्या येतात. एका वर्षी दिवाळीनंतर एक तोडकरी आपल्या सहावीतल्या मुलीला घेऊन शाळेत आला. कारकुनाने विचारले, “गावच्या शाळेचा दाखला?” दाखला गावी राहिला होता. “मग दाखला आणा, तेव्हा बघू.” दाखला आणायचा म्हणजे जाण्यायेण्याचे दोन दिवस, दोन दिवसांची मजुरी, आणि वर एस. टी. चे भाडे. मुलगी फाटकाशी उभी होती. मी रंगाच्या बाटल्या धूत होतो, तो तसाच ओल्या हातांनी कचेरीत गेलो. शिक्षणहक्काचा कायदा २००९ चा. तो १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या पाचव्या कलमात स्पष्ट म्हटले आहे, की दाखला यायला उशीर झाला म्हणून दुसऱ्या शाळेने प्रवेश लांबवू नये की नाकारू नये. मी ते कलम हेडमास्तरांपुढे ठेवले. त्यांनी ते वाचले, आणि मुलगी त्याच दिवशी वर्गात बसली. चित्रकलेच्या तासाला तिने कोयता काढला. तो इतका बिनचूक काढला, की मी तो वर्गात लावून ठेवला.

त्या दिवशी घरी येताना मला शाहू महाराजांची आठवण झाली. १९१७ साली त्यांनी कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले, आणि मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. मनात म्हटले, तेव्हा पालक मूल धाडीत नाही म्हणून दंड, आणि आज पालक घेऊन येतो तर आपण दाखला मागतो! मी हे घरी ऐटीत सांगितले. दुसऱ्या दिवशी कट्ट्यावर सांगितले. त्या आठवड्यात भेटेल त्याला सांगितले. गावात एकदा ‘मास्तरांना कायदा ठाऊक आहे’ असे झाले, की मग मास्तरांनाही तसेच वाटू लागते. इथेच माझे पाऊल घसरले.

आमच्या शाळेच्या कोपऱ्यावर एक शिंपी आहेत. गावातल्या निम्म्या मुलांचे गणवेश त्यांच्या हातचे. माझ्याहून दहाबारा वर्षांनी वडील, बोलणे मोजके, तोंडात नेहमी टाचण्या; त्यामुळे अधिकच मोजके. २०१९ ची गोष्ट. आमच्याकडे त्या सालाला महापुराचे वर्षच म्हणतात. दसरा उलटला होता. त्यांच्या पत्नीच्या छातीत दुखू लागले. जिल्ह्याच्या ठिकाणी तपासणी झाली आणि हृदयाची एक रक्तवाहिनी बंद होत आली आहे, आठदहा दिवसांत उघडून घ्या, असे डॉक्टरांनी सांगितले. त्या संध्याकाळी ते कट्ट्यावर आले. पिशवी नव्हती, एकटी शिधापत्रिका सदऱ्याच्या खिशात होती. ती काढून त्यांनी विचारले, “मास्तर, ह्याच्यावर हुतंय म्हंत्यात. खरं का?”

मी कार्ड पाहिले. केशरी. योजना मला तोंडपाठ होती. २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी या नावाने ती आठ जिल्ह्यांत सुरू झाली, २०१३ साली राज्यभर गेली, आणि २०१७ पासून तिला महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना म्हणू लागले. कुटुंबाला वर्षाला दीड लाखापर्यंतचे उपचार. त्यात हृदयाचे उपचार आहेत. हे सगळे मी त्यांना सन-सनावळीसह सांगितले आणि शेवटी म्हणालो, “केशरी आहे ना? मग निर्धास्त जा. एक पैसा लागायचा नाही.”

ते निर्धास्त गेले.

त्यांच्या मेहुण्याला ज्या दवाखान्यात गुण आला होता, त्याच दवाखान्यात त्यांनी पत्नीला नेले. उपचार उत्तम झाले. चौथ्या दिवशी घरी सोडताना बिल समोर आले, तेव्हा त्यांनी खिशातून कार्ड काढले. खिडकीतल्या मुलाने ते सौजन्याने परत केले आणि सांगितले, की हा दवाखाना त्या योजनेत नाही. त्या दवाखान्याचा दोष नव्हता. त्यांनी काही लपविले नव्हते, कारण त्यांना कुणी विचारलेच नव्हते. योजना ठरावीक दवाखान्यांतच चालते, भरती होतानाच कार्ड दाखवावे लागते, उपचाराआधी मंजुरी घ्यावी लागते, आणि एकदा स्वतः पैसे भरले की मागून ते परत मिळत नाहीत, यातले एकही वाक्य मी त्या संध्याकाळी बोललो नव्हतो. बोललो नव्हतो, कारण मला ते ठाऊकच नव्हते. योजनेतला एक दवाखाना तिथून तीन गल्ल्यांवर होता. त्याच्या दारातच आरोग्यमित्र टेबल मांडून बसलेला असतो. अशा प्रश्नांसाठीच तो बसलेला असतो.

मला हे महिनाभर कळले नाही. कळले तेही त्यांच्याकडून नव्हे. मी विजार अल्टर करायला घेऊन गेलो, तर दुकानात उजव्या हाताला जे ओव्हरलॉकचे यंत्र असे, तिथे रिकामी जागा होती. फरशीवर यंत्राच्या पायांचे चार काळे डाग तेवढे होते. “दुरुस्तीला दिलंय का?” मी विचारले. त्यांनी तोंडातल्या टाचण्या काढल्या नाहीत. उत्तर आतून आले. त्यांच्या पत्नी पडद्याआड बसून काजे करीत होत्या. त्या म्हणाल्या, “दुरुस्तीला न्हाई, दादा. माझ्या दुरुस्तीला गेलं ते.” यंत्र, त्यांच्या हातातल्या पाटल्या, आणि वर मेहुण्याकडून उसने. एकूण एक लाख तीस हजार.

मी काय बोललो ते मला आठवत नाही. शिंप्यांचे बोलणे आठवते. त्यांनी टाचण्या काढून डबीत ठेवल्या आणि म्हणाले, “तुमी काय मुद्दाम सांगितलं व्हय, मास्तर? आमीच इचाराया कमी पडलो.”

त्यांनी मला चार शब्द सुनावले असते, तर मी ते घेऊन घरी आलो असतो आणि दोन दिवसांत विसरलोही असतो. पण त्यांनी दोष स्वतःकडे घेतला, आणि तो मला अजून परत करता आलेला नाही. मुलगा वर्गात चुकीचे उत्तर देतो, तेव्हा त्याचा स्वतःचा गुण जातो. मास्तर चुकीचे उत्तर देतो, तेव्हा जाते ते दुसऱ्याचे. आणि माझे उत्तर खोटेही नव्हते. योजना होती, रंग बरोबर होता, आकडा बरोबर होता. ते अर्धे होते, आणि अर्धे असूनही पुऱ्याच्या आवाजात दिलेले होते.

त्यानंतर काही रविवार मी कट्ट्यावर बसलोच नाही. आत लिहीत असल्याचे सोंग केले. एके दिवशी ही चहाचा कप टेबलावर ठेवून म्हणाली, “बाहेर दोघी जणी बसल्या आहेत. तुम्ही नाही सांगितलंत, तर त्या झेरॉक्सवाल्या पोराला विचारतील. त्याला तरी कुठं ठाऊक आहे?” मी म्हणालो, “मलाही ठाऊक नाही.” “मग तसं सांगा ना,” ती म्हणाली, “आणि ज्याला ठाऊक आहे त्याला विचारून या.”

एवढी साधी गोष्ट, पण मास्तराच्या तोंडी ती सहज येत नाही. ‘विचारून सांगतो’ हे शब्द मी पहिल्यांदा उच्चारले, तेव्हा समोरच्या बाईंचा चेहरा उतरला. त्यांना वाटले, मी टाळतो आहे. मग मी शंभर पानी वही केली. तीत प्रश्न लिहायचा, कुणाला विचारले ते लिहायचे, आणि उत्तर कोणत्या तारखेचे ते लिहायचे. वहीत आपला प्रश्न उतरलेला पाहिला, की माणूस बसायला तयार होतो. जिल्ह्याला गेलो की मी आरोग्यमित्राच्या टेबलाशी रांगेत उभा राहतो. तो पोरसवदा आहे. पण मी त्याला अहोजाहो करतो. दवाखाना यादीत आहे का, हा आजार यादीत आहे का, भरती होण्याआधी काय दाखवायचे, मंजुरी कोण आणतो, नुसत्या तपासणीला आणि बाहेरून आणलेल्या गोळ्यांना ही योजना लागते की भरती झाल्यावरच, असे एकामागून एक विचारतो. या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘भरती झाल्यावरच’ असे आहे, हे मी निम्म्या गावाला सांगितले असेल. तरी दर महिन्याला कुणी ना कुणी खोकल्याच्या औषधासाठी कार्ड घेऊन येतोच.

तारीख लिहिण्याची सवय तर फार कामी आली. उत्तरे शिळी होतात. १ जुलै २०२४ पासून ही योजना सर्व शिधापत्रिकाधारकांना लागू झाली आणि दीड लाखाचे पाच लाख झाले. वहीतल्या ‘पांढरे नाही’ या शब्दांवर मी तांबड्या पेन्सिलीने काट मारली. ज्यांना पूर्वी नाही म्हणून परत पाठविले होते, त्यांच्या घरी जाऊन सांगून आलो. शाळाप्रवेशाचेही तसेच. खाजगी विनाअनुदानित शाळांत २५ टक्के जागा दुर्बळ व वंचित घरांतल्या मुलांसाठी असतात. २०२४ च्या फेब्रुवारीत राज्याने नियम बदलला, की एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर खाजगी शाळेवर ते बंधन नाही. मे महिन्यात उच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली आणि जुलैत तो बदल रद्द केला. एकाच बापाला मी मार्चमध्ये ‘नाही’ आणि मेमध्ये ‘हो’ सांगितले. तो म्हणाला, “मास्तर, तुमचं नक्की काय?” मी त्याला वहीतल्या दोन्ही तारखा दाखविल्या.

आणि २०२५ मधली एक गोष्ट. पलीकडच्या आळीतल्या एक आजी रागारागाने आल्या. २०२४ च्या ऑक्टोबरअखेर सत्तरीपुढच्या सर्वांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारतमधून पाच लाखांपर्यंतच्या उपचारांची सोय झाली. त्याचे कार्ड आजींच्या धाकट्या भावाला मिळाले आणि आजींना मिळाले नाही! “मी त्याला कडंवर घिऊन हिंडले,” त्या म्हणाल्या, “आन् त्यो माज्यापेक्षा म्हातारा कवा झाला?” मी आधार कार्ड पाहिले. जन्मतारीख १ जून १९५६. वाचकांपैकी पुष्कळांच्या घरी अशी एक जूनची माणसे असतील. आईबाप मुलाला शाळेत आणीत, तारीख कुणालाच ठाऊक नसे, आणि गुरुजी मुलाकडे एकवार पाहून साल टाकीत व पुढे १ जून लिहीत, म्हणजे शाळा उघडताना वय बरोबर बसे. आजी दोन वर्षे शाळेत गेल्या होत्या. भाऊ गेलाच नव्हता. त्याचे वय पुढे केव्हातरी अंदाजाने लागले, आणि जास्त लागले. शिकायला गेल्या म्हणून आजी धाकट्या राहिल्या.

त्या तारखेकडे मी बराच वेळ पाहत होतो. साठपासष्ट वर्षांपूर्वी आमच्याच पेशातल्या कुणीतरी, टाक दौतीत बुडवून, ठाऊक नाही असे म्हणण्याऐवजी एक उत्तर लिहून टाकले होते. त्याच्या मनात वाईट काही नसणार. त्यालाही पुढचे मूल नाव घालायला उभे असेल.

“आजी, विचारून सांगतो,” मी म्हणालो. गुरुवारी उत्तर घेऊन गेलो. तारखेचे काम लांबचे आणि कटकटीचे होते. पण त्यांचे कार्ड केशरी. राज्याच्या योजनेचे दार त्यांना आधीपासूनच उघडे होते. सत्तरीची वाट पाहायची गरजच नव्हती. आजींनी ते दोनदा वदवून घेतले. मग म्हणाल्या, “सध्या काय झाल्यालं न्हाई मला. पर इचारून ठिवल्यालं बरं. आन् माजं वय त्येवढं तुमच्या वहीत बराबर लिवा.” मी लिहिले. त्या वहीला सरकारी किंमत शून्य आहे, हे त्यांना ठाऊक होते. तरी लिहून झाल्यावर त्यांनी चष्म्याशिवाय वाकून पाहिले.

हे लिहितो आहे, तेव्हा दिवाळी आठ दिवसांवर आली आहे. दारात आकाशकंदिलाचा सांगाडा आणि कागदांचे गठ्ठे पडले आहेत. काल संध्याकाळी शिंपी आले. दुकानात आता नवे ओव्हरलॉक आहे. ते घ्यायला त्यांना चार वर्षे लागली. पत्नींची प्रकृती ठीक आहे. माझा नवा सदरा त्यांनी स्वतः आणून दिला, शिलाई मोजून घेतली, आणि गेले नाहीत. कट्ट्यावर बसले. त्या संध्याकाळनंतर सहा वर्षांत ते माझ्या कट्ट्यावर बसले नव्हते. मी कामात असल्यासारखा कागद कातरीत राहिलो.

थोड्या वेळाने त्यांनी खिशातून एक घडी घातलेला कागद काढला. लेकीच्या मुलाला पहिलीत घालायचे आहे. जावई गेल्या वर्षी वारले. २५ टक्क्यांतून अर्ज करायचा, तर उत्पन्नाचा दाखला कुणाच्या नावाचा लागेल, लेकीच्या की त्यांच्या?

मला उत्तर येत होते. अगदी जिभेवर आले होते. मी कात्री खाली ठेवली, आतून वही आणली, प्रश्न लिहिला, त्यापुढे कालची तारीख घातली, आणि म्हणालो, “मला वाटतं ते असं असं आहे. पण दिवाळीनंतर कचेरी उघडली की विचारून सांगतो. तोवर काही भरू नका.”

त्यांनी वहीकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले. “चालंल,” ते म्हणाले. मग केशरी कागदाचा एक ताव उचलून त्यांनी घडी घातली, नखाने ती दाबली आणि माझ्यापुढे धरली. कागद असो की कापड, घडी त्यांचीच सरळ येते. दिवेलागण होईपर्यंत आम्ही दोघे कंदील चिकटवीत बसलो.